संगप्पाची सर्व्हिस

सुकन्याच्या घरात टेनिस चाळीस वर्षं नांदत होतं, पण टेनिसचा चेंडू घरात आला तो त्या सोमवारी, पहिल्यांदाच. अव्वाचा, म्हणजे तिच्या आईचा, व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं तो पिशवीतून काढला, ओढणीला पुसला आणि अव्वाच्या डाव्या तळहातात ठेवून दिला. “आजी, धरा बरं. घट्ट. आता सोडा.” अव्वानं धरला. सोडणं मात्र जमेना. जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्या हाताला मिटणं तेवढं येत होतं, उघडणं तो विसरून गेला होता. मुलीनं एकेक बोट सोडवून चेंडू काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा बोटं मिटली. सुकन्या चहाचा कप घेऊन दारात उभी होती. फिकट पिवळा, एका अंगानं लव गेलेला तो चेंडू आणि त्याच्यावर आवळलेली अव्वाची सुरकुतलेली बोटं बघून तिला धस्स झालं. कशानं, ते तिला विचारलं असतं तर तिथल्या तिथं सांगता आलं नसतं. पन्नाशी ओलांडलेली, लातुरात पोरांना फिजिक्स शिकवणारी बाई. दचकायच्या गोष्टी आपण कधीच संपवल्या, असा तिचा समज होता. पण जो चेंडू तिनं आयुष्यभर काचेपलीकडे पाहिला तो काच ओलांडून आला होता आणि नेमका त्या तळहातावर बसला होता, जिथं एक सोडून दुसरं काही कधी बसलं नव्हतं. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, हा राहू द्या आजींकडे. दिवसभर खेळू द्या.” सुकन्यानं चहा तिच्या हातात द्यायचा तो टीव्हीच्या कपाटावर ठेवून दिला आणि आत निघून गेली.

त्या तळहातावर सकाळ-संध्याकाळ अव्वाचं इष्टलिंग बसत आलं होतं. गळ्यातल्या चांदीच्या चौक्यातून, त्या लहानशा डबीतून, ते काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत राहायचं. हात छातीसमोर, नजर लिंगावर. ते बघणं संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही आणि त्याआधी अव्वाच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून यात खंड नव्हता; बाळंतपणात नाही, आणि अप्पा गेले त्या दिवशीही नाही. आता तळहात उघडत नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही, असं तिनं साधं सरळ ठरवून टाकलं होतं आणि ते कुणालाच मोडता येईना. दूध घेई, केळ्याचा तुकडा घेई, गोळ्या घेई. भाताचा घास पुढं केला की तोंड मिटे. डॉक्टर तरणे होते, समजूतदार होते. म्हणाले, शुक्रवारपर्यंत वाट बघू, नाहीतर शनिवारी ॲडमिट करा, नाकातून नळी घालावी लागेल. अव्वाची जीभ जड झाली होती, कान शाबूत होते. तिनं ‘नळी’ ऐकलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. एकदा नळी बसली की ही बाई पुन्हा स्वतःच्या तोंडानं जेवणार नाही, हे सुकन्याला त्या फिरवलेल्या मानेवरून कळलं. डॉक्टरांना ते कसं सांगणार.

अशा वेळी टेनिसचं डोक्यात येणं शोभत नाही, हे तिलाही कळत होतं. पण तो विम्बल्डनचा दुसरा आठवडा होता, आणि जुलैच्या या पंधरवड्यात तिचं डोकं चाळीस वर्षं दोन रुळांवर चालत आलेलं होतं. वर्गात प्रक्षेप्याची गती शिकवताना, भाजी निवडताना, टँकरवाल्याला फोन करताना खालून ते चालूच असायचं: बेसलाइनजवळचं गवत आता झिजून माती दिसायला लागली असेल, चेंडू खाली राहील, संगप्पाचा गुडघा वाकेल का. या खेळाडूचं खरं नाव साऱ्या जगाला ठाऊक होतं, या घरात मात्र तो संगप्पाच. त्याच्या आधीचा होता रेवणप्पा, तो खेळायचा थांबून जमाना झाला. ही नावं अव्वानं ठेवलेली. कुणाला कुठलं नाव द्यायचं याचा तिचा कायदा एकदम पक्का होता.

तो कायदा झाला औशाला. अप्पांनी, म्हणजे सुकन्याच्या वडिलांनी गुरुपादप्पांनी, त्या वर्षी सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांच्या आधी टीव्ही आणला होता, आणि टीव्ही आणलाय म्हटल्यावर जे दिसेल ते बघायचं असं घरात ठरलेलं. एका रविवारी संध्याकाळी विम्बल्डनची फायनल लागली. खेळ कुणालाच कळत नव्हता. अव्वा दिवा लावायला म्हणून आतून आली आणि उंबऱ्यावरच थांबली. पडद्यावर पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला एक माणूस उभा होता. डावा हात छातीसमोर धरलेला, तळहातावर काहीतरी गोल, मान खाली, नजर त्याच्यावर. आणि भोवती एवढी माणसं, पण एकजणही चकार शब्द काढत नव्हता. अव्वानं डोक्यावरून पदर घेतला. “गप बसा रे,” ती हळूच म्हणाली, “पूजा चालू हाय त्याची.” अप्पांना हसू आवरेना. अप्पांनी ते दुसऱ्या दिवशी अडतीवर सांगितलं आणि पुढं कित्येक महिने औशाच्या बाजारात लोक त्यांना विचारायचे, काय गुरुपादप्पा, झाली का पूजा. अव्वा शरमली नाही. त्या दिवशी ती दिवा हातात धरून शेवटपर्यंत उभी राहिली आणि तो माणूस जिंकल्यावर तिनं निकाल दिला, हा आपल्यातला हाय, ह्याचं नाव रेवणप्पा. तेव्हापासून सर्व्हिसच्या आधी जो चेंडूकडं नीट, थांबून बघेल तो आपल्यातला, आणि जो चेंडू जाग्यावर आपटून घाईघाईनं हाणेल तो दुसऱ्या कुणाचा, असं चालू झालं. सुकन्यानं तो खेळ मागाहून पुस्तकांतून, पेपरातून, रेडिओवरून शिकून घेतला, पार त्यातल्या बारीकसारीक नियमांपर्यंत. अव्वाला त्याची गरज पडली नाही.

एकदा सुकन्यानं तिला दुरुस्त करायला पाहिलं होतं. अकरावी-बारावीचं वय, त्या वयात दुसऱ्याला दुरुस्त करण्यासारखं सुख नसतं. “अव्वा, ते पूजा करत नसतात. तीन-चार चेंडू घेतात, त्यातल्या कुठल्याची लव कमी झालीय ते बघतात. गुळगुळीत असला की वेगानं जातो.” अव्वा ज्वारी पाखडत होती. सुपातनं नजर वर न करता म्हणाली, “म्हंजे बघूनच घेतेत की.” त्या वेळी सुकन्याला वाटलं होतं, हिच्यापुढं कुणाची मात्रा चालायची नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी, संगप्पाला एका लांबलेल्या पाचव्या सेटमध्ये चेंडूकडं बघत उभा राहिलेला बघताना तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्या बॅकहँडवर नाही, या बघण्यावरच भाळलो आहोत. कारण तो फारसा जिंकत नसे. उपांत्य फेरीपर्यंत यायचा आणि परत जायचा. डोक्यावरचे केस मागं सरत गेले, गुडघ्याला पट्टी आली, त्याच्यापेक्षा निम्म्या वयाची पोरं त्याला कोपऱ्याकोपऱ्यांत पळवायला लागली. पण सर्व्हिसच्या आधीचा तो एक क्षण त्यानं कुणाला दिला नाही. आता तर विम्बल्डनवाल्यांनी तिथं सेकंदांचं घड्याळ लावून ठेवलंय, उशीर झाला की पंच दटावतात. रेषेवर वाकून उभी राहणारी माणसंसुद्धा काढून टाकली, ‘आउट’ आता यंत्रच ओरडतं. पहिल्यांदा ते ओस पडलेलं कोर्ट बघितलं तेव्हा सुकन्याला उगाचच पोरकं वाटलं होतं. पण दोन गोष्टी अजून त्यांना काढता आलेल्या नाहीत, असं ती स्वतःला समजावत असे. एक म्हणजे वेळ संपली म्हणून टेनिसमध्ये कुणी हरत नाही. शेवटचा गुण कुणीतरी जिंकावाच लागतो. आणि दुसरी, पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी मिळते. तिला माहीत असलेल्या कुठल्याच दुसऱ्या ठिकाणी असं नव्हतं. तिच्या विद्यार्थ्यांना मिळत नव्हती. तिला स्वतःलाही मिळाली नव्हती.

ते नांदेडचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी होस्टेलच्या न्हाणीघरात तिच्या गळ्यातला शिवदोरा तुटला. नवा दोरा घालू म्हणून तिनं चौका ट्रंकेत ठेवला, आणि त्या दिवशी प्रॅक्टिकल लांबलं, भूक कडाडून लागली, मैत्रिणींबरोबर मेसमध्ये जाऊन ती जेवली. जेवताना आठवण झाली. हात थांबला, मग चालू झाला. काही झालं नाही. हे काहीच न होणं, तेच तिच्या मनात घर करून बसलं. कुणाशी भांडण नव्हतं, कुठलं पुस्तक वाचून मत बदललं नव्हतं. नुसतं एक रिकामेपण होतं आणि ते तिला खोटं वाटत नव्हतं. दिवाळीला घरी आली तेव्हा अव्वानं तिला जवळ घेतलं आणि तिच्या गळ्याशी हात नेला. हात तिथंच राहिला. “भवी झालीस व्हय गं,” एवढंच ती म्हणाली. भवी म्हणजे अंगावर लिंग नसलेलं माणूस. शिवी नव्हे ती, नुसतं वर्णन. पण ज्यांच्या घरात तो शब्द बोलला जातो त्यांनाच कळतं की तो किती लांब नेऊन ठेवतो. त्यानंतर अव्वा ना कधी टोचून बोलली, ना तिला स्वामींकडं घेऊन गेली. लेकीनं केलेलं ती जेवली, लेकीच्या घरी अप्पांच्या मागं येऊन राहिली, आजारपणात लेकीकडून पाय चेपून घेतले. फक्त पूजेचं पाणी ती आपलं आपण आणायची. लातुरात नळ महिना महिना कोरडे पडले त्या वर्षीसुद्धा तिचा तांब्याचा तांब्या वेगळा भरलेला असायचा, आणि सुकन्या त्याला हात लावायची नाही. कुणी सांगितलं नव्हतं. दोघींनी मिळून पाळलेली ती एक रेघ होती. जुलैचा पंधरवडा तेवढा त्या रेघेला माफ असायचा. त्या दिवसांत दोघी एका सतरंजीवर बसायच्या, एकाच माणसाकडं बघायच्या, आणि पडद्यावर सगळे गप झाले की त्याही गप व्हायच्या. आपल्याला टेनिस आवडतं की ती एकत्र गप्प बसण्याची वेळ, हा प्रश्न सुकन्यानं स्वतःला कधी धड विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

मंगळवारी धाकटा भाऊ अमरेश आला. मार्केट यार्डात त्याची अडत. बोलणं मोठं, मन मऊ. त्यानं अव्वाचा हात मांडीवर घेतला, बोटं हलकेच सोडवली आणि धरून ठेवली. उजव्या हातानं अव्वानं लिंग ठेवलं. अमरेशनं पकड जरा सैल केली आणि बोटं लिंगावर मिटली, पाणी सांडलं, अव्वाचे डोळे भरून आले. “असं मुठीत धरायचं असतंय का,” ती म्हणाली, “कुणी हिसकून घेतंय का माझ्यापासून?” बुधवारी तो स्वामींना विचारून आला. उजव्या हातावर ठेवा, आजारी माणसाला सगळं चालतं, असं स्वामी म्हणाले होते. अव्वानं ऐकून घेतलं. “स्वामीला म्हणावं, तुम्ही खुशाल ठेवा. मला न्हाई जमायचं.” मग अमरेश कळवळून म्हणाला, “बरं, मग माझ्या हातावर ठेव. मी धरतो. मी तर लिंगवंत हाय ना?” हे अव्वाला पटेल असं सुकन्यालाही वाटलं. अव्वानं त्याच्या पसरलेल्या तळहाताकडं बराच वेळ बघितलं, आणि मग त्याच्या गळ्यातल्या चौक्याकडं. “तुझ्या हातावर तुझं बसतंय रे बाळा. एका पाटावर दोघांला कसं बसवू?” अमरेश बाहेर आला आणि गॅलरीत उभा राहून लहान पोरासारखा नाक ओढत राहिला. “अक्का,” तो म्हणाला, “तिला मरायचंय का गं?” सुकन्या म्हणाली, “नाही. तिला जेवायचंय. पण तिच्या पद्धतीनं.” हे बोलताना तिला अव्वाचा राग आला होता, भयंकर राग, या हट्टाला काय म्हणावं, कोण बघतंय, कुणाला दाखवायचंय. आणि त्या रागाच्या खाली एक दुसरीच गोष्ट ठणकत होती: अमरेशनं हात पुढं केला. आपल्याला तो करतासुद्धा येत नाही.

त्या सगळ्या दिवसांत संगप्पा जिंकत होता. कसा, देव जाणे. ही माझी शेवटची खेप, असं त्यानं स्पर्धेच्या आधीच सांगून टाकलं होतं आणि बहुतेक त्यामुळंच लोक आता तो हरायचाच तेवढा राहिलाय असं धरून त्याच्याकडं हळुवारपणे बघत होते. तो हरेना. सुकन्या अव्वाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बंद करून स्वयंपाकघरात मोबाइलवर मॅच बघायची. अव्वा उपाशी असताना आपण हे बघतो याची तिला लाज वाटायची, आणि संगप्पा एखादा गुण घालवायचा तेव्हा ती लाजही विसरून जायची. तिनं मनात एक गाठही बांधून टाकली होती. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईनं बांधू नये अशी. हा जिंकत राहिला तर अव्वा जेवेल. गुरुवारी तिनं स्वतःला हे करताना पकडलं आणि ओट्याला टेकून ती एकटीच हसली. हसता हसता रडायला आलं. संध्याकाळी अमरेशचा फोन आला, शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो, कपडे भरून ठेव. तिनं पिशवी भरली. टॉवेल, दोन साड्या, विभूतीची डबी. विभूतीची डबी तिनं काढली, परत ठेवली, परत काढली.

शुक्रवारी दिवस कलला तेव्हा अव्वानं स्वतःच विचारलं, “संगप्पाचं आज न्हाई का?” शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचे, पण स्पष्ट यायचे. सुकन्यानं टीव्ही लावला, तिला उशांना टेकवून बसवलं आणि खाली सतरंजीवर आपल्या जागी बसली. अव्वाच्या मांडीवर डावी मूठ होती, मुठीत तो चेंडू. समोरचा पोरगा अव्वाला पूर्वीपासून माहीत होता. त्याला तिनं नाव दिलं होतं व्यंकटराव. आपल्यातला नव्हे, पण चांगल्या घरचा. व्यंकटराव त्या दिवशी असा काही खेळत होता की बघणाऱ्याला वाईट वाटावं. पहिला सेट गेला, दुसरा गेला. संगप्पाचा गुडघा वाकत नव्हता. नेटजवळ टाकलेल्या चेंडूंकडं तो नुसता बघत उभा राहायचा, ओळखीचा माणूस न बोलता पुढं निघून गेल्यासारखा. शनिवार आता भिंतीपलीकडं येऊन उभा आहे असं सुकन्याला वाटत होतं. तिसरा सेट मात्र संगप्पानं सोडला नाही. ओढत ओढत, एकेक सर्व्हिस वाचवत त्यानं तो टायब्रेकपर्यंत नेला. दिवेलागण होऊन गेली होती. आणि तेवढ्यात, तो चेंडूकडं बघत उभा असताना, पंचांनी त्याला वेळेसाठी ताकीद दिली.

“पूजेला घड्याळ लावतेत व्हय,” अव्वा म्हणाली.

थोड्या वेळानं अव्वा पुन्हा बोलली, पण ते टीव्हीबद्दल नव्हतं. “तू बी धरतीस की हात, त्याच्यासंगं.”

“कुठला हात?”

“ह्यो काय.” अव्वानं हनुवटीनं दाखवलं. सुकन्यानं खाली बघितलं. तिचा डावा हात मांडीवरून उचललेला होता, तळवा वर, बोटं जुळलेली, किंचित खोलगट. पडद्यावर संगप्पा सर्व्हिस करणार होता. तिला त्याचा पत्ता नव्हता. “लई वर्षं बघत आले मी,” अव्वा म्हणाली. “तो उभा ऱ्हायला की तुझा हात उघडतोय. मी काय बोलले न्हाई. म्हटलं, बोलले तर मिटील.”

सुकन्याला तो हात कुठं ठेवावा कळेना. चोरी पकडल्यासारखं झालं, आणि तरी तो खाली घेववेना. अव्वा तिच्या हाताकडं बघत होती. बुधवारी अमरेशच्या हाताकडं बघत होती तशीच. मग नजर सुकन्याच्या गळ्याकडं गेली, जिथं काही नव्हतं.

“तुझा मोकळा हाय की,” ती म्हणाली. “आण.”

“अव्वा, मी…” सुकन्याला तो शब्द उच्चारायला इतकी वर्षं लागली. “मी भवी आहे ना.”

अव्वानं डोळे मिटले, उघडले. “ते हाय,” ती म्हणाली. “पर पाट रिकामा हाय. जा, हात धू. पाणी घिऊन ये.”

तांब्याच्या तांब्याला हात लावताना तो तिला अपेक्षेपेक्षा हलका वाटला. बेलाची पानं अमरेश रोज आणून ठेवतच होता. ती परत आली तेव्हा अव्वानं उजव्या हातानं चौका बाहेर काढला होता. झाकण एका हाताला निघेना, चौका सुकन्यानं धरला आणि झाकण अव्वानं अंगठ्यानं उघडलं. पलंगाला लागून, अव्वाच्या समोर सतरंजीवर गुडघे टेकून बसायचं तर एकच जागा होती, टीव्हीकडं पाठ करून. ती बसली. डावा हात तिनं छातीसमोर धरला आणि अव्वानं त्यावर लिंग ठेवलं. काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं. वजन असं नव्हतंच. पाण्याचे थेंब गार लागले. विभूतीचं बोट तळहातावरून ओढलं गेलं आणि तिच्या दंडापर्यंत काटा आला.

“हालू नको,” अव्वा म्हणाली, आणि बघायला लागली.

मागं टायब्रेक चालू होता. सुकन्याला फक्त ऐकू येत होतं. लोकांचा गलका, पंचांचा आकडा, आणि मग ‘मॅच पॉइंट’ असं निवेदकाचं दबकं बोलणं. संगप्पाविरुद्ध, म्हणजे हा गुण गेला की संपलं. सर्व्हिस त्याची होती. चेंडू जमिनीवर टपटपल्याचा आवाज आला. रॅकेटचा आवाज, आणि लगेच हजारो माणसांचा तो खाली पडणारा हुंकार, जो पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली की येतो. म्हणजे आता दुसरी. चाळीस वर्षांत असा क्षण तिनं कधी चुकवला नव्हता. मान जरा वळवली असती तर खिडकीच्या काचेत कोपऱ्यातून दिसलंसुद्धा असतं. तिनं वळवली नाही. चेंडू पुन्हा टपटपला, थांबला, आणि मागं सगळं शांत झालं. घड्याळ असो नसो, तो बघत उभा होता. तिला पाठीनं ते कळत होतं. इकडं अव्वा बघत होती. ते वाकडं झालेलं तोंड, एक पापणी खाली आलेली, आणि त्यातून येणारी ती सरळ नजर. नांदेडहून आलेल्या त्या दिवाळीपासून अव्वानं तिच्याकडं इतकं थेट, इतका वेळ बघितलं नव्हतं. ती लिंगाकडं बघत होती, हे सुकन्याला कळत होतं. पण लिंगाखाली तिचा हात होता. तिच्या मनात श्रद्धा आली नाही, काही उजळलं नाही, होस्टेलमधलं ते रिकामेपण तिथंच होतं. फक्त त्या रिकामेपणाचा कुणाला तरी उपयोग झाला होता, आणि तिला भरून आलं. तिनं हात तसाच धरून ठेवला.

मागं रॅकेटचा आवाज झाला. मग दुसरा, मग बराच वेळ दोन्हीकडून आवाज येत राहिले, आणि मग एकदम सगळं स्टेडियम ओरडून उठलं. कुणासाठी, ते त्या आवाजावरून कळत नाही. जिंकलेल्यासाठीही लोक असेच उठतात आणि शेवटचं जाणाऱ्यासाठीही. टीव्ही अव्वाच्या बरोबर समोर होता. तिनं नजर उचलली नाही. तिचं बघणं तिच्या वेळेनं संपलं. मग तिनं लिंग डोळ्यांना लावलं, चौक्यात ठेवलं, चौका पदराआड गेला.

“वाढ आता,” ती म्हणाली.

सुकन्या उठून स्वयंपाकघरात गेली. गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या. भात सकाळचाच होता, तो तिनं वरणात मऊ कुस्करला, तुपाची धार सोडली, मीठ जरा जास्त पडलं. टीव्हीसमोरून येताना-जाताना तिला पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी हात हलवत असलेलं डोळ्याच्या कडेला दिसलं. ताट घेऊन ती पलंगावर टेकली. घास करता करता तिनं विचारलं, “काय झालं गं? संगप्पा राहिला का गेला?”

“मी कुठं बघितलं,” अव्वा म्हणाली आणि तोंड उघडलं.

सुकन्यानं पहिला घास भरवला. अव्वानं तो चावला, सावकाश, एकाच बाजूनं, आणि गिळला. तिनं दुसरा घेतला. रिमोट उशीजवळ पडला होता. सुकन्याचा डावा हात मांडीवर तसाच उघडा होता, ओला, विभूतीनं माखलेला. तो तिनं अजून पुसला नव्हता.